रेसमधी गेलेल्या घोडीचं दुःख कसं उतरते? मोठेबाबांसाठी विचारून राह्यलो

कपाशीवाला (आर्वी तालुका, वर्धा)

हसणार असाल तर इथंच थांबा, कारण गावात लोकांचं हसून झालं आहे. पोस्ट लांब आहे, मोबाईलवर टाईप करून राह्यलो, चुका सांभाळून घ्या.

माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तीस वर्षं एका मोठ्या शहरातल्या रेसकोर्सवर सईस होते. सईस म्हणजे घोड्याचं सगळं करणारा माणूस. दाणापाणी, लीद काढणं, खरारा, मालिश, पायाला पट्ट्या बांधणं, रेसच्या दिवशी घोडा हातात धरून फिरवणं. घरी कोरडवाहू चार एकर अन् भाऊ तीन, एका वर्षी कपाशी पार लाल्या रोगानं गेली, तवा हे गावातल्याच एकाच्या वळखीनं निघाले ते थेट लॉकडाऊनमधी परत आले. आल्यावर शांतच. गोठ्यातलं काम मात्र असं करतात का बैलाच्या अंगावर माशी बसन तं घसरून पडन.

त्यांच्याकडं एका टायमाला तीन घोडे असायचे. नावं इंग्रजी, लांबलचक, मालकानं ठेवलेली, ती यांच्या तोंडात बसत नव्हती म्हणून तबेल्यात हे आपलीच नावं ठेवत. त्यातली एक घोडी होती चंपी. तिले कानामागं खाजवून घ्यायची लय आवड, डोकं आणून सरळ यांच्या छातीले टेकवायची अन् डोळे मिटून उभी राहायची, बनियन सगळी केसानं भरून जाय.

२०११ मधी रेसमधी शेवटच्या वळणावर तिचा पुढचा पाय गेला. रेस झाल्यावर सईस लोक जिथं घोडा धरायले थांबतात तिथं मोठेबाबा दोरी घेऊन उभे होते. बाकीचे घोडे आले, चंपी आली नाही. लांबून फक्त पडदा धरलेला दिसला. हे पळत पोचेपर्यंत इंजेक्शन होऊन गेलं होतं. कोणाची चूक होती असं ते कधी म्हणत नाहीत, पाय होता, गेला, एवढंच. मग गाडी आली, तिले घेऊन गेली, यांच्या हातात कोणीतरी तिची मोहरकी (तोंडाले बांधायची दोरी) दिली अन् ती घेऊन हे पायी तबेल्यात आले. थानात, म्हणजे तिच्या बांधायच्या जागी, सकाळचं गवत अर्धं खाल्लेलं तसंच पडून होतं. चौथ्या दिवशी त्याच थानात नवा घोडा बांधला, त्याच्या नावाची पाटी लागली, अन् तोही यांच्याच हाताखाली दिला.

हे सगळं आम्हाले माहीतच नव्हतं बरं. इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलले नाहीत. निघालं ते यंदा जानेवारीत. माझा चुलतभाऊ (त्यांचाच पोरगा) शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, नादी. त्याचा पाखऱ्या बैल पटात धाव संपल्यावर थांबता थांबता पडला, मागच्या मांडीचं हाड गेलं. टेम्पोत घालून घरी आणला. डॉक्टर म्हणे इथलं हाड प्लास्टरमधी बसत नाही. दोन रात्री मोठेबाबा कुटाराची पोती त्याच्या पाठीले लावून, मुंडकं मांडीवर घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. जेसीबी बोलावून धुऱ्यावर गड्डा केला, पाच पोती मीठ टाकलं, पोळ्याची झूल अंगावर घातली, गुलाल उधळला. अर्धं गाव आलं होतं. बायका आईजवळ बसून गेल्या, माणूस गेल्यावर बसतात तशा. तेराव्या दिवशी वीस-पंचवीस पानं बी उठली.

त्या रात्री मोठेबाबा अंगणात बसून म्हणाले, "पाखऱ्याले माती भेटली. माह्या चंपीले काय केलं त्याईनं, मले कोनी सांगतलं नाही, अन् म्या बी इचारलं नाही."

तवापासून असं आहे का पहाटे तीन-साडेतीनले उठून गोठ्यात जातात. राहिलेला बैल सर्जा, त्याच्या पायावरून गुडघ्यापासून खाली हात फिरवत बसतात, एक एक पाय, अंधारात. जेवण कमी झालं. आता पोळा आठ दिवसावर आला तं म्हणतात यंदा मी बैलाले हात लावणार नाही, मले सुतक आहे. गावातले विचारतात कोणाचं? हे म्हणतात घोडीचं. मग हसतात लोक.

मले विचारायचं असं का तिकडं रेसच्या मेलेल्या घोड्याचं काय करतात कोणाले माहीत आहे काय? अन् पाय मोडला का मारावंच लागते, की मालकाले खर्च नको असते म्हणून? हा किडा त्यांच्या डोक्यात बसला आहे. अन् आम्ही घरच्यांनी काय करावं? भाऊ म्हणते मानसोपचारवाल्याकडं न्या, आई म्हणते पोळ्याले काहीतरी करा तिच्या नावानं. घोडीच्या नावानं पोळ्याले काय करणार बाप्पा.

पटाचा_शौकीन (धामणगाव साईड)

भाऊ वाचून डोये भरून आले. हसनाऱ्याईले म्हना एखांदं जनावर हातानं वाढवून पाहा मंग हासा.

माह्या बाबाची गोष्ट सांगतो. आमच्याइथं तीन पिढ्या पटाची जोडी. २०१४ च्या मे महिन्यात बैलाच्या शर्यतीवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली, बाबानं वरीसभर वाट पाह्यली अन् जोडी इकून टाकली, मनलं पयनाऱ्या बैलाले नांगराले जुपनं मले पाह्यलं नाही जात. बैल मेले नोते पन घरात तशीच कया. छकडी वयचनीले उलटी करून ठेवली, तिच्यावर कोंबड्या बसत. घेनाऱ्यानं मंग कोनाले इकले पत्ता नाही. बाबा बजारात गेला का परत्येक पांढऱ्या बैलाच्या तोंडाकडं पाहे. डिसेंबर २०२१ मधी कोर्टानं परवानगी देल्ली अन् मंग आमच्याकडचे पट सुरू झाले, तं मी त्याले तयेगाव दशासरच्या पटाले नेलं. हाजारो लोक, आरडाओरड, घड्याय लावून सेकंद मोजनं चालू, अन् हा मानूस खाली मान घालून रडे.

सांगाचं काय का मेल्याचं दुःख एक अन् पत्ता नसल्याचं दुसरं. दुसरं लवकर नाही जात. तुमच्या मोठेबाबाचं ते दुसरं हाय.

डाक्टरकडं न्याचं असन तं न्या, त्यात लाज नाही. पन पोळ्याचं मी सांगतो, खांदशेकनीच्या सांजीले (पोयाच्या आदल्या दिशी बैलाचे खांदे शेकतेत तवा) त्याईच्याच हातात पयसाचं पान द्या. हातात काम आलं का मानूस उठते.

गुरांचा_डाक्टर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण तो किडा काढणं सगळ्यात गरजेचं आहे असं मला वाटतं. मी गुरांचाच डॉक्टर, घोडे कॉलेजात असताना हाताळले आणि नंतर वरातीचे. पण हे शिकवतातच.

रेसचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा असतो आणि भरधाव पळताना प्रत्येक टापेत एक क्षण असा येतो की सगळं वजन एकाच पायावर असतं. गुडघ्याच्या खाली त्या पायाला मांस नाही. हाड, कंडरा, कातडी, बस. रक्त कमी पोचतं म्हणून जखम भरत नाही, आणि वेगात हाड फुटलं तर ते एका जागी तुटत नाही, चुरा होतो, बऱ्याचदा कातडी फाडून बाहेर येतं. बरं समजा जोडलं. माणसाला सांगता येतं सहा आठवडे खाटेवर पड. घोडा जास्त वेळ आडवा राहू शकत नाही, स्वतःच्या वजनानेच फुप्फुस आणि स्नायू दबतात. म्हणजे उभं राहायचं, तेही तीन पायांवर. मग जो पाय चांगला असतो त्याच्या खुराच्या आतला थर सुजतो आणि आतलं हाड खुरापासून सुटायला लागतं. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. ते दुखणं बघवत नाही.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेत बार्बारो नावाचा घोडा होता. २००६ ची केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी पुढच्या मोठ्या रेसमध्ये सुरुवातीलाच उजवा मागचा पाय मोडला, वीसच्या वर तुकडे. मालकांनी हात आखडला नाही. प्लेट टाकली, २७ स्क्रू बसवले, आठ महिने उपचार. मोडलेला पाय बराचसा जुळत आला आणि दुसऱ्या पायांच्या खुरांनी घात केला. २९ जानेवारी २००७ ला त्याला झोपवावं लागलं. त्याच्या आधी १९७५ मध्ये रफियन नावाची घोडी, दहा रेस पळून एकही न हरलेली. तिचं ऑपरेशन झालं, पण भूल उतरताना ती आडवी पडूनच पळायला लागली. तिच्या डोक्यात रेस चालूच होती असं म्हणा. प्लास्टर फोडलं, पाय परत मोडला. त्याच रात्री संपवलं.

तेव्हा मोठेबाबांना सांगा की ज्याने इंजेक्शन दिलं त्याने तिचे पुढचे आठ महिन्यांचे हाल वाचवले. माझं स्वतःचं मत विचाराल तर मीही तेच केलं असतं.

बैलाचं वेगळं असतं. बैल बसून रवंथ करत दिवस काढू शकतो, म्हणून पायाच्या खालच्या हाडाचं प्लास्टर बऱ्याच वेळा जमतं, वासरांचं तर छानच जमतं. पण पूर्ण वाढलेला बैल आणि मांडीचं हाड, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं.

आणि ते पायावरून हात फिरवणं, ते वेड नाही. पाय कुठे गरम लागतोय का हे बघतात तसं. गरम म्हणजे आत सूज.

स्पष्टवक्ता_नागपूर

सगळे रडून घ्या. एक साधा प्रश्न विचारतो, घोडीनं अर्ज केला होता का मला पळवा म्हणून? पाखऱ्यानं केला होता का? आधी पळवायचं, पाय मोडला की झूल घालून गुलाल उधळायचा आणि तेरवी करायची, वा रे वा. २०१४ च्या निकालात कोर्टानं स्पष्ट लिहिलं होतं की बैलाची शरीररचना पळण्याच्या शर्यतीसाठी नाही. मग राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी ते मान्य केले, ठीक आहे, कायदेशीर झालं, पण बैलाची हाडं काही कायद्यानं बदलली नाहीत. आणि रेसचे घोडे तर तरुण पोरं असतात, दोन-तीन वर्षांची, पूर्ण वाढायच्या आधी पळायला लावतात. दुःख खरं असेल तर नाद सोडा.

पटाचा_शौकीन

तुमी नागपुरात एसीत बसून शिकवा. माह्या बैलाले जे खाऊ घालतो ते माह्या पोराले भेटत नाही, जवसाचं तेल, उडदाची डाय, अंडे.

स्पष्टवक्ता_नागपूर

तेच म्हणतोय. पोराला द्या.

जुना_रायडिंग_बॉय (मूळ अकोटचा, आता पुणे)

भांडू नका भाऊ, ज्यानं विचारलं तो बाजूलाच राहिला.

मी २६ वर्षं रोज पहाटे घोड्यावर बसलो. रायडिंग बॉय म्हणजे रोजचा व्यायाम देणारा, जॉकी नाही, जॉकी फक्त रेसला. त्यामुळे सईसांबरोबरच आयुष्य गेलं, आमच्यातले किती तरी विदर्भ-मराठवाड्यातले, बाकी राजस्थान, युपी, बिहार.

कपाशीवाला भाऊ, तुम्ही लिहिलं की चौथ्या दिवशी त्याच थानात नवा घोडा. ते वाचून मी फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. बाहेरच्याला समजणार नाही ते. मालक दुःखी होतो, खरंच होतो, मी रडताना पाहिलेत, पण मालक घरी जातो. ट्रेनरला दुसऱ्या दिवशी चाळीस घोडे बघायचेत. जॉकी स्वतः हॉस्पिटलात असतो बऱ्याच वेळा. सईसाला त्याच थानात परत झाडू मारायचा असतो, भिंतीवर तिनं दात घासून पाडलेल्या खुणा असतात, बादलीला तिची सवय असते, अन् नवीन घोडा त्याच खुणांवर तोंड घासतो. त्या घोड्यावर राग काढता येत नाही, तो तर पोरगं असतो बिचारा. माझ्या ओळखीचा एक सईस नव्या घोड्याशी सहा महिने बोललाच नाही, सगळी सेवा करायचा, पण बोलायचा नाही. अन् घोड्याला ते कळतं, तो घोडा चिडका झाला शेवटी.

सईस लोक रेस बघत नाहीत हे माहीत आहे का कोणाला? सगळे जण पुढं कोण आलं बघतात. सईस आपला घोडा परत येताना पाय कसा टाकतो ते बघतो. जिंकला की हरला नंतर विचारतो.

मेल्यावर काय करतात. मी होतो तिथं एकदा एका मालकानं स्वतःच्या फार्मवर नेऊन पुरला होता, लिंबाखाली. बाकी वेळा गाडी जायची अन् आम्हाला सांगायचं कोणाला कारण नसायचं. खोटं कशाला सांगू. विलायतेत अमेरिकेत पण सगळ्यांना जागा मिळते असं नाही, नामवंतांना मिळते. डॉक्टरसाहेबांनी सांगितली ती रफियन, तिला त्याच रेसकोर्सच्या आत पुरली होती, तोंड शेवटच्या खांबाकडं करून. बार्बारोची राख केंटकी डर्बी होते त्या रेसकोर्सच्या गेटपाशी ठेवून वर पुतळा केला. तिकडं जुनी रीत अशी की पूर्ण घोडा नाही पुरत, डोकं, काळीज अन् खूर एवढंच पुरतात. ऑस्ट्रेलियाचा फार लॅप तर १९३२ ला अमेरिकेत मेला, रेसमध्ये नाही, त्याचं काळीज कॅनबेराच्या म्युझियममध्ये, कातडं मेलबर्नला अन् सांगाडा न्यूझीलंडला. देशाचा लाडका घोडा, अन् तीन ठिकाणी वाटला गेला. मोठेबाबांना हे सांगा की नको, तुम्ही ठरवा.

एक काम करता येईल. तिचं रेसचं नाव कुठं सापडतं का बघा. प्रत्येक थरोब्रेड (रेसच्या जातीच्या) घोड्याची जन्मताच नोंद होते, आई कोण, बाप कोण, रंग, अंगावरच्या खुणा, पुण्यात स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडं ते सगळं असतं. ती कुठं पुरली ते नाही कळणार. पण कोणाची होती ते कळेल.

अन् हळूच विचारा, शेपटीचे केस आहेत का. बहुतेक सईस ठेवतात.

लाखनीचा_पोट्टा (भंडारा)

आमच्याकडं पट म्हणजे दिवसा पट अन् रात्री नाटक, झाडीपट्टीचं तसंच आहे, पटाच्या निमित्तानं सगळ्या गावाचे सोयरे जमतात. मी बारावीत होतो तेव्हा पटात एका पाहुण्याचा बैल पडला, जागेवरच गेला. अंगावर चादर टाकली, तो माणूस बाजूला उकिडवा बसून होता. रात्री नाटक ठरल्याप्रमाणं झालं, तिकीटं विकली होती ना. पहिल्या अंकाला तो माणूस मागं येऊन बसलेला पाहिला मी, कारण गावात त्याला बसायला दुसरी जागाच नव्हती, मुक्कामाचं घर पण नाटकालाच आलं होतं. विनोदी सीन चालू होता, लोक हसत होते. मला त्या नाटकातलं काहीच आठवत नाही, तो माणूसच आठवतो. प्रश्नाचं उत्तर नाही हे, सांगावंसं वाटलं.

@स्पष्टवक्ता तुमचं पटलं पण सांगायची वेळ चुकली राव.

कपाशीवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री मोठेबाबांले सगळी उत्तरं वाचून दाखवली. भाऊ नको म्हणत होता, मी म्हटलं ज्याच्यासाठी विचारलं त्यालेच नाही सांगायचं तं कायले विचारलं.

डॉक्टरसाहेबांचं दोनदा वाचायले लावलं. खुराचं ते ऐकून मान हलवली, म्हणाले हे पाह्यलं आहे म्या, दुसऱ्या घोड्याचं, तो रात्री कन्हत होता मानसावानी. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तं मंग बरोबर केलं त्यानं." एवढंच. पण ते झोपले रात्री, साडेपाचपर्यंत.

स्पष्टवक्ता भाऊंचं वाचताना मले वाटलं चिडतील. म्हणाले, "हा पोरगा बरोबर बोलते. म्या बी मनातल्या मनात हेच म्हनो. पन पगार तिच्याच पायावर होता ना गा. तुह्या बहिनीचं लगन बी." आता याच्यावर मी काय बोलणार, बहिणीचं लग्न २००९ मधी झालं, आम्ही सगळे जेवलो त्यात.

फार लॅपचं मी गाळणार होतो, चुकून वाचलं गेलं. काही बोलले नाहीत, पण सकाळी चहा पिताना एकदम म्हणाले, "तीन जागी?"

अन् रायडिंग बॉय दादा, तुमचं बरोबर निघालं. केसाचं विचारलं तं उठले अन् पेटी उघडली. स्वेटरच्या खाली रेसचं छापील पुस्तक, जे त्या दिवशी विकतात ते, अन् त्याच्या पानात शेपटीच्या केसाची वीतभर वेणी, पायाच्या पट्टीची दशी काढून बांधलेली. तपकिरी रंग, उन्हात धरली तं लालसर. ती वेणी त्याच पानात होती ज्या पानावर चंपीची रेस छापलेली. अन् तुम्ही म्हणता ते आई-बापाचं नाव कुठं शोधायची गरजच नव्हती, तिच्या नावाच्या खालीच बारीक अक्षरात दोन्ही छापलेले, वय, रंग, सगळं. मोठेबाबा चौथी शिकलेले, मराठीत. इंग्रजी वाचता येत नाही. चौदा वर्षं ते पान पेटीत होतं अन् त्यावर तिच्या मायचं नाव लिहिलेलं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. मी वाचून दाखवलं. मले परत परत म्हणायले लावलं, मग स्वतः म्हणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, सोडून दिलं, म्हणाले माय होती ना, मंग झालं.

मानसोपचारवाल्याकडं बी नेणार आहोत पोळा झाला का. स्वतः हो म्हणाले, त्याचं मलेच आश्चर्य.

पटाचा_शौकीन

खांदशेकनीचं इसरू नका.

कपाशीवाला

पोळा झाला, सांगायचं राहिलं होतं, तान्ह्या पोळ्याले पोरांच्या मागं फिरण्यात दिवस गेला.

खांदशेकणीले मोठेबाबा आधी नाहीच म्हणत होते, मले सुतक आहे. मग आईनं पळसाची पानं अन् हळद-तुपाची वाटी त्यांच्यासमोर आणून ठेवली अन् काही न बोलता घरात निघून गेली. बसले पाहत. मग उठले. सर्जाचे खांदे शेकले. अन् आपण म्हणतो ना, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, ते एकदा सर्जाच्या कानाशी म्हटलं, मग पाखऱ्याच्या रिकाम्या खुंट्याकडं तोंड करून म्हटलं, अन् मग तिसऱ्यांदा म्हटलं, कोणाकडंच न पाहता. आम्ही सगळे तिथंच होतो, पण कोणी काही विचारलं नाही.

एक गंमत झाली. माझा पुतण्या तान्ह्या पोळ्यासाठी हट्ट करत होता, मी म्हटलं मोठ्या बाबांच्या घोडीचा लाकडी घोडा करून आणू, बैलांच्या रांगेत तोही चालन. मोठेबाबा म्हणाले तिले लाकडाची करू नका. बरं म्हटलं, नाही केली.

पोळ्याच्या दिवशी पहाटे उठून पाहतो तं हे बादलीत हरभरा भिजवून बसलेले, रात्रीच भिजत घातला होता, त्यात गूळ अन् मूठभर जव. चंदी म्हणतात त्याले, घोड्याचा खुराक. बादली पाखऱ्याच्या खुंट्यापाशी ठेवली, वेणी कशात तरी गुंडाळून खिशात होती मले वाटते, हात खिशावरच होता. बसले. मी म्हटलं यांना एकटं राहू द्यावं म्हणून अंगोळीले गेलो. तांब्या डोक्यावर घेतो न घेतो तं गोठ्यातून मोठेबाबांच्या शिव्या. पळत गेलो तं सर्जानं दावं तोडलं, बादलीत थेट कानापर्यंत तोंड, अन् हे त्याचं शिंग धरून ओढतात, "सोड ना बे रांडीच्या, तुह्यासाठी नोती ते", अन् हसून राह्यले. मी त्यांना असं हसताना लॉकडाऊनपासून पाहिलं नव्हतं. बादली चाटून पुसून साफ. मग त्याले बांधलं अन् लगेच खाली बसून पायावरून हात फिरवून पाह्यला, दावं तोडताना कुठं लागलं का म्हणून.

आता डॉक्टरसाहेब, विचारायचं हे का सर्जाचं पोट कालपासून जरा फुगल्यासारखं दिसते, चारा कमी खाते. हरभरा अंदाजे तीन किलो असन भिजलेला. काय देऊ?

गुरांचा_डाक्टर

रवंथ करतोय का? शेण कसं आहे, पातळ? डावी कूस हाताने ठोकून बघा, ढोलासारखा आवाज येतोय का. आज दाणा, गूळ, पिठाचे गोळे काहीच नको, पोळ्याची पुरणपोळी उरली असेल तीही नको. फक्त वाळलेला चारा आणि पाणी. रवंथ थांबली असेल तर इथं लिहीत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.

कपाशीवाला

रवंथ करते आहे. मोठेबाबा म्हणतात एका घासाले पन्नासच्या आसपास चावते, रात्रभर मोजत होते.